चाकावर दिसलेली धूळ

मोटारीच्या पुढच्या चाकांवर आठ-दहा दिवसांत जी काळपट, किंचित तांबूस पूड साचते तिचा रस्त्याच्या मातीशी फारसा संबंध नसतो. ती ब्रेकची झीज असते: थोडी पॅडची, थोडी पॅड ज्या बिडाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतो त्या डिस्कची. ही पूड काढण्यासाठी आज ब्रश, शॅम्पू, रंग बदलणारी द्रावणे, मेणाचे आणि सिरॅमिकचे लेप असा एक अख्खा बाजार उभा आहे. या धुळीचा इतिहास सांगणारे बहुधा तो प्रगतीची गोष्ट म्हणून सांगतात. आधी ब्रेक घाण करीत, मग ग्राहकांनी कुरकूर केली, मग चांगले पॅड निघाले आणि चाके स्वच्छ राहू लागली. पुरावा नीट पाहिला तर ही गोष्ट टिकत नाही. ब्रेकची धूळ मोटारीइतकीच जुनी आहे. तिचे दिसणे तेवढे नवे. ती दिसू लागल्यावर गाडीमालकाने तिला शोभेचा प्रश्न मानले, आणि त्याच्या समाधानासाठी निघालेले उपायही शोभेपुरतेच राहिले. धुळीत काय असावे आणि काय नसावे, हे बदलले ते वेगळ्याच लोकांच्या तगाद्याने. चाकाच्या चकाकीशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. ती धूळ त्यांच्या छातीत किंवा त्यांच्या पाण्यात जात होती.

धूळ मुळात का होते, ते आधी पाहू. बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवायची म्हणजे साधारण दीड लिटर पाणी उकळवायला लागेल एवढी उष्णता काही सेकंदांत दोन घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये जिरवायची. त्यात काहीतरी झिजणारच. अभियंत्याच्या हातात एवढेच असते, की काय झिजावे हे ठरवणे. मोटारीच्या इतिहासात हा निर्णय फार लवकर घ्यावा लागला. १८८८ मध्ये बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून निघाली, तेव्हा उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले. तिने वाटेतल्या गावी एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनरचा पहिला नमुना म्हणून ही हकिकत सांगितली जाते. नऊ वर्षांनी इंग्लंडच्या डार्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूडने हाच प्रश्न धंद्याच्या अंगाने हाती घेतला. त्या डोंगराळ भागात घोडागाड्या हाकणारे लोक उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधत. फ्रूडने १८९७ पासून त्याऐवजी राळेत भिजवलेल्या विणीच्या पट्ट्या करून पाहिल्या आणि पुढे चॅपल-एन-ले-फ्रिथ इथे ‘फेरोडो’चा कारखाना वाढवला. कापसाच्या पट्ट्या तापल्या की जळत. म्हणून १९०८ च्या सुमारास त्याने अॅस्बेस्टॉस घेतले: तापाने न जळणारे, कापडासारखे विणता येणारे आणि स्वस्त. पुढची सत्तर वर्षे जगातल्या बहुतेक मोटारी याच तंतूवर थांबल्या. आपल्याकडे मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता, तो याच घराण्यातला.

या सत्तर वर्षांतला बराच काळ ही धूळ कोणाला दिसली नाही, कारण ती ड्रममध्ये बंद होती. ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले दोन शू एका गोल डब्याच्या आत असतात आणि बाहेरच्या अंगाला फाकून डब्याच्या भिंतीला घासतात. झीज आतच साचते. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी मूळच्या फियाट ११०० डीच्या घडणीची, म्हणून तिच्या चारही चाकांना ड्रम होते. पत्र्याचे चाक, त्यावर चकचकीत व्हील कॅप. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या चाकावर चिखल असे, वंगण असे. ब्रेकची पूड म्हणून वेगळी ओळखावी अशी काही नसे. तिच्या मालकाला चाक धुण्याचे वेगळे शास्त्र लागलेच नाही.

डिस्क ब्रेकची कल्पना काही उशिरा सुचलेली नव्हती. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. त्याने तांब्याचे पॅड लावले. ते किंचाळत आणि त्या काळच्या धुळकट रस्त्यांवर पाहता पाहता झिजून जात. कल्पना पडून राहिली. ती परत आली वेगामुळे. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो, म्हणून लांब उतारावर पेडल खोल खोल जाऊ लागते. डिस्क तापली तरी ती पॅडच्याच दिशेने जाडावते, शिवाय उघड्यावर असल्याने लवकर निवते. १९५३ च्या ल मान शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डनलपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली आणि त्या शर्यतीत प्रथमच सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या पुढे गेला. त्यानंतर वाद उरला नाही. १९५५ ची सिट्रोएन डीएस, १९५६ ची ट्रायम्फ टीआर३, आणि सत्तरच्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या साध्या गाड्यांच्याही पुढच्या चाकांना डिस्क आल्या. पण डिस्क थंड राहते ती उघडी असल्यामुळे, आणि उघडी असल्यामुळेच तिची झीज समोरच्या चाकावर उडते. सुरक्षितता आणि चाकावरची पूड एकाच कारणाने आली आहेत. याचा उलटा पुरावा डीएसमध्येच सापडतो. सिट्रोएनने पुढच्या डिस्क चाकाशी न बसवता आत, गिअरबॉक्सला लागून बसवल्या होत्या; त्या गाडीची धूळ चाकाच्या वाट्याला आली नाही. तिथे ती बॉनेटखाली गेली, एवढाच फरक. मेकॅनिकला मात्र पॅड बदलण्यासाठी आत हात घालावा लागे, म्हणून ती रचना फार गाड्यांनी उचलली नाही.

धूळ दिसू लागण्याचे दुसरे कारण शोभेचे. एत्तोर बुगाटीने १९२४ मध्ये टाइप ३५ ला ओतीव अॅल्युमिनियमची चाके दिली, ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. हेतू वजन आणि थंडावा हा होता, पण ती चाके दिसायलाही देखणी होती आणि पुढच्या पिढ्यांनी लक्षात ठेवले ते दिसणेच. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत अलॉय व्हील शर्यतीतून घरच्या गाडीकडे सरकली. आपल्याकडे अजूनही जुने लोक त्यांना मॅग व्हील म्हणतात, जरी त्यांत मॅग्नेशियम क्वचितच असते. जुने पत्र्याचे चाक झाकायचे असे. अलॉय व्हील दाखवायचे असते. त्याला आरपार फटी असतात, वर लखलखीत लाखेचा थर असतो, आणि फटीतून आतला, पॅड आवळणारा कॅलिपरही दिसावा अशी अपेक्षा असते. म्हणजे जी वस्तू धुळीच्या थेट माऱ्यात आहे तीच गाडीचा दागिना झाली. त्यात जर्मन गाड्यांचे पॅड. ऑटोबानच्या वेगावरून हमखास थांबवणारे हे पॅड धातूची भुकटी आणि तंतू घातलेले असतात, आणि ते स्वतः झिजतात तसे डिस्कलाही चांगलेच खातात. महागड्या गाडीची चाके सर्वांत घाण, हा विरोधाभास तिथून आला.

इथे पहिला आक्षेप येईल, की ड्रमची धूळ आत बंद राहत होती तर तिने कोणाचे काय बिघडवले? ती आत राहत होती ती लायनर बदलायची वेळ येईपर्यंत. मग ड्रम उघडला जाई, आणि जगभरच्या गॅरेजांत तो साफ करण्याची रीत एकच होती: हवेची नळी घ्यायची आणि फुर्रकन पूड उडवून टाकायची. वर्षभराची साठलेली झीज एका क्षणात एका माणसाच्या तोंडासमोर. तिच्यात अॅस्बेस्टॉस होते. मोटार कंपन्यांचा यावर एक जबाब होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. ब्रेकच्या उष्णतेने क्रायसोटाइल अॅस्बेस्टॉसचे बरेचसे रूपांतर फॉर्स्टराइट या वेगळ्या खनिजात होते, आणि उडणाऱ्या धुळीत खरा तंतू अगदी थोडा उरतो. मोजमापांनी हे बऱ्याच अंशी खरे ठरवले आहे. पण नवे लायनर ड्रमच्या मापात बसवण्यासाठी घासावे लागत, कडा मोडाव्या लागत, भोके पाडावी लागत. तिथली पूड कधीच तापलेली नव्हती. शिवाय लायनर बनवणारे कामगार तर कच्च्या तंतूतच उभे होते. मुंबईतल्या एका अॅस्बेस्टॉस कॉम्पोझिट गिरणीतल्या कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी दर पाच जणांमागे एकाहून अधिकांना अॅस्बेस्टॉसिस होता. गाडीमालकाच्या चाकावरची पूड मोजत बसले तर हे आकडे कुठेच दिसत नाहीत.

आणि बदल आला तो याच बाजूने. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मेकॅनिकांसाठी सोनेरी मुखपृष्ठाची एक पुस्तिका काढली, तिच्यात हवा मारू नका, कोरड्या फडक्याने झटकू नका, असे सरळ सांगितले होते. १९९४ च्या कामगार-सुरक्षा नियमांनी ब्रेक साफ करण्याच्या पद्धतीच ठरवून दिल्या: एक तर बंदिस्त पेटीत बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने, नाहीतर ओले करून. अमेरिकेने १९८९ मध्ये अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, ती १९९१ मध्ये न्यायालयात बरीचशी रद्द झाली. क्रायसोटाइलवर पक्की बंदी यायला मार्च २०२४ उजाडला. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पर्यंत अॅस्बेस्टॉस हद्दपार केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याला जगण्याच्या हक्कात धरले, पण तंतूची आयात आणि वापर चालूच राहिला. या सगळ्या खटाटोपात चाकाची चकाकी हा मुद्दा कुठेच नव्हता.

मालकाच्या बाजूला दरम्यान काय चालले होते, ते त्याच्या बाटल्यांवरून कळते. सुरुवातीची जोरकस व्हील क्लीनर आम्लाची होती, काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार. चाक चटकन पांढरे होई. पण हे आम्ल कातडीवर लगेच आग न करता आत शिरते आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरते. धुणाऱ्या पोऱ्याला त्रास कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यानंतर आले ते जांभळे होणारे द्रावण. त्यातला अमोनियम थायोग्लायकोलेट हा ब्यूटी पार्लरच्या ओळखीचा. केसांना कायमचे कुरळे करण्याच्या लोशनमध्ये तो १९४० च्या आसपासपासून वापरात आहे, त्याचा तो सडक्या अंड्यासारखा वासही तोच. तो लोखंडाच्या कणांशी जोडी जमवून जांभळा होतो आणि त्यांना पाण्यात सोडवतो. चाकावरून जांभळे ओघळ उतरताना पाहणे हे या छंदातले मोठे सुख आहे, हे मान्य करायला हवे. पण तो रंग फक्त लोखंडाची साक्ष देतो. पुडीत तांबे आहे का, अँटिमनी आहे का, आणखी काही आहे का, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. चाक धुणे ही नुसती हौस आहे असे मात्र म्हणता येणार नाही. डिस्कवरून उडालेले लोखंडाचे कण तापलेले असतात, लाखेच्या थरात रुततात, पावसाच्या पाण्याने गंजतात आणि खालच्या अॅल्युमिनियमला पोखरतात. फार काळ दुर्लक्षित राहिलेले चाक पुन्हा मूळ रूपात येणे कठीण. म्हणून चाक थंड असताना, आधी भरपूर पाण्याने भिजवून, मऊ ब्रशने आणि साध्या शॅम्पूने वरचेवर धुणे हेच शहाणपणाचे. तापल्या चाकावर रसायन मारले की ते वाळून डाग पाडते. याउलट चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये बसवायच्या ज्या चकत्या एके काळी धूळरोधक म्हणून अमेरिकेत विकल्या जात, त्या ब्रेकला लागणारी हवाच अडवत. चाक स्वच्छ ठेवण्यासाठी ब्रेक तापवायचा, हा सौदा आतबट्ट्याचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्राहकांच्या कुरकुरीनेच तर कमी धूळ करणारे पॅड निघाले. मग बाजाराने आपले काम केले नाही का? ऐंशीच्या दशकापासून जपानी आणि अमेरिकी कंपन्यांनी सिरॅमिक म्हणवले जाणारे पॅड आणले. ते आवाज कमी करीत, आणि त्यांची पूड फिकट, हलकी, चाकाला कमी चिकटणारी. मालक खूश झाला. परंतु अॅस्बेस्टॉस गेल्यावर उष्णता वाहून नेण्याचे आणि घर्षण स्थिर ठेवण्याचे काम कोणाला तरी करावे लागणार होते, आणि पुष्कळ पॅडमध्ये ते तांब्याने केले. काहींत वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक तांबे असे. चाक स्वच्छ दिसत होते आणि तांबे रस्त्यावर पडत होते. पहिल्या पावसाबरोबर ते गटारात आणि तिथून खाडीत. पाण्यात विरघळलेले तांबे अगदी अल्प प्रमाणातही सामन माशांची वास घेण्याची शक्ती बोथट करते, आणि सामन आपली जन्मनदी वासावरून शोधतो. सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठच्या नगरपालिकांना आपल्या पाण्यातले तांबे कमी करणे कायद्याने भाग होते. कारखान्यांचे नळ तपासून झाले तरी हिशेब जुळेना, तेव्हा बोट ब्रेकच्या पॅडकडे गेले. १९९६ मध्ये तिथे पॅड उत्पादक, पाण्याची खाती आणि पर्यावरणवादी यांची एक भागीदारी उभी राहिली. दहा-बारा वर्षे मोजमाप आणि वाद झाले. २०१० मध्ये आधी वॉशिंग्टन राज्याने आणि मग कॅलिफोर्नियाने कायदे केले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार पॅडमधले तांबे २०२१ पर्यंत पाच टक्क्यांच्या आत आणि २०२५ पर्यंत अर्ध्या टक्क्याच्या आत यायचे होते. उत्पादक स्वखुशीने आले असे त्यांचे समर्थक म्हणतात. त्यांनी सहकार्य केले हे खरेही आहे. पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला दंडाची तलवार डोक्यावर टांगलेल्या नगरपालिका बसल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. स्वच्छ चाकाच्या ग्राहकाने तांब्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. त्याच्या दृष्टीने तो पॅड उत्तमच होता.

याच हिशेबात घरासमोर धुतलेल्या चाकाचे पाणीही येते. मुंबईतल्या पर्जन्य जलवाहिन्या समुद्राला आणि खाड्यांना जाऊन मिळतात, मलजल प्रक्रिया केंद्राला नाही. सोसायटीच्या आवारात पहाटे बादली घेऊन चाके पुसली जातात तेव्हा पूड चाकावरून उठते आणि मिठी नदीच्या किंवा माहीमच्या दिशेने निघते. वॉशिंग सेंटरमध्ये निदान गाळ बसायला खड्डा असण्याची शक्यता असते.

राहिला हवेचा भाग. धुरापुढे ब्रेकची पूड ती काय, असे कोणी म्हणेल. तीस वर्षांपूर्वी हे खरे होते. सायलेन्सरला गाळण्या बसल्या, इंधन सुधारले, आणि पारडे फिरले. ब्रिटिश सरकारच्या हवा-गुणवत्ता तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या हिशेबानुसार तिथल्या रस्ते वाहतुकीतून थेट बाहेर पडणाऱ्या पीएम १० कणांपैकी ७३ टक्के, आणि पीएम २.५ पैकी ६० टक्के, ब्रेक, टायर आणि रस्त्याच्या झिजेतून येतात. इलेक्ट्रिक गाडी वजनाने जड असली तरी ती आपली विजेची मोटार जनित्रासारखी वापरून बराचसा वेग विजेत परत घेते, त्यामुळे तिचे ब्रेक क्वचित घासतात. टायरचा प्रश्न तिथेही उरतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो ७ नियमांत प्रथमच ब्रेकच्या कणांना मर्यादा आली: बहुतेक प्रवासी मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, बॅटरीच्या गाड्यांना ३ मिलिग्रॅम. नव्या मॉडेलना ती नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीपासून लागू होते. त्याआधीच पोर्शेने २०१७ च्या कायेनसाठी टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर चढवलेली डिस्क काढली होती, नव्वद टक्के कमी धूळ करणारी, असा कंपनीचा दावा. तिचे कॅलिपर मुद्दाम पांढरे रंगवले. धूळ नाही हे दिसावे म्हणून. श्रीमंत ग्राहकासाठी शोभा आणि कमी धूळ एकत्र आल्याचे हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते हे खरे, पण तो थर इतका महाग होता की साध्या गाडीपर्यंत पोचला नाही. तिथे अशा लेपांची चर्चा सुरू झाली ती युरो ७ चे मसुदे फिरू लागल्यावर. आणि फोक्सवागनने २०२० च्या आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीला मागच्या चाकांना चक्क ड्रम दिले. फार वापर नसलेला ब्रेक गंजू नये आणि झीज आत राहावी, हे दोन्ही त्यात साधते.

भारतात मोटारींचा धूर भारत स्टेज ६ च्या मोजपट्टीने मोजला जातो. त्या मोजपट्टीत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांना कोणतीही मर्यादा नाही.